‘एकाच वेळी’ म्हणजे किती वेळात?

सांगलीत आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दोन काळे चौकोन एकावर एक ठेवलेले आहेत. वीस बाय वीस सेंटिमीटरचे. आत सिंटिलेटर नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक, वरून काळा कागद आणि चिकटपट्टी. आकाशातून येणारा म्यूऑन नावाचा कण दोन्हींतून आरपार गेला की दोन्हींत क्षीण प्रकाश चमकतो, प्रकाशाचे विजेचे दोन पल्स होतात आणि आकडा एकाने पुढे सरकतो. मागच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, दोन्ही पल्स एकाच वेळी आले तरच मोजायचं म्हणता. पण एकाच वेळी म्हणजे किती वेळात?”

मी फळ्यावर हिशेब मांडला. दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो, म्हणजे आमच्या चौकोनातून सेकंदाला सहा-सात. पण प्रत्येक चौकोन स्वतःच्या गोंगाटामुळे सेकंदाला पन्नासेक पल्स देतो. ‘एकाच वेळी’ म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आत असं धरलं, तर केवळ योगायोगाने जुळणाऱ्या खोट्या जोड्या सेकंदाला पाच होतात. खऱ्या सहा, खोट्या पाच. असा प्रयोग करून काही उपयोग नाही. हीच मुदत १०० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) केली की खोटी जोडी अर्ध्या तासात एखादी. कण तेच, प्लॅस्टिक तेच, फक्त घड्याळ बदललं.

कणभौतिकीतल्या वेगवान इलेक्ट्रॉनिक्सचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला दर पिढीने दिलेलं नवं उत्तर आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आज जे उत्तर तयार होतंय ते ३० पिकोसेकंदांचं आहे. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो.

सुरुवात झाली १९२४-२५ साली बर्लिनमध्ये. बोर, क्रॅमर्स आणि स्लेटर यांनी नुकतीच एक धाडसी कल्पना मांडली होती: अणूंच्या पातळीवर ऊर्जेची अक्षय्यता प्रत्येक घटनेत पाळली जात नाही, फक्त सरासरीने पाळली जाते. तसं असेल तर क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळल्यावर विखुरलेला किरण आणि उडालेला इलेक्ट्रॉन एकाच क्षणी बाहेर पडण्याचं कारण नाही. वाल्टर बोथे आणि हान्स गायगर यांनी दोन काउंटर समोरासमोर ठेवले, एक किरणासाठी आणि एक इलेक्ट्रॉनसाठी, आणि दोन्हींच्या हालचाली सरकत्या फिल्मवर शेजारीशेजारी टिपल्या. फिल्म इतकी लागायची की वाळत टाकलेल्या पट्ट्यांनी प्रयोगशाळा धोबीघाटासारखी दिसे, असं बोथे यांनी पुढे सांगितलं. मग डोळ्यांनी पट्ट्या तपासायच्या आणि जोड्या शोधायच्या. त्यांचं ‘एकाच वेळी’ मिलिसेकंदाच्या आसपासचं होतं, पण तेवढं पुरलं. जोड्या योगायोगाने जुळतील त्याहून कितीतरी जास्त सापडल्या आणि ऊर्जेचा नियम प्रत्येक टकरीत पाळला जातो हे ठरलं. या पद्धतीसाठी बोथे यांना १९५४ मध्ये नोबेल मिळालं. निसर्गाचा एक मूलभूत नियम वेळ मोजून ठरवता येतो, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

माणसाच्या डोळ्यांचं काम सर्किटकडे सोपवलं ते ब्रूनो रोस्सी यांनी. १९३० साली, वयाच्या पंचविशीत, फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवर त्यांनी तीन ट्रायोड व्हॉल्व्ह एकाच रेझिस्टरला जोडले. एकही व्हॉल्व्ह चालू असेल तर रेझिस्टरमधून प्रवाह वाहतो आणि बाहेरचा व्होल्टेज खालीच राहतो. तिन्ही काउंटरचे पल्स एकदम आले आणि तिन्ही व्हॉल्व्ह एकदम बंद झाले तरच व्होल्टेज वर उडी मारतो. आज डिजिटलच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मुलं ‘अँड गेट’ जोडतात, तोच हा. संगणक यायच्या कितीतरी आधी तो विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, मोजायला जन्मला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. याच सर्किटने रोस्सी यांनी दाखवलं की विश्वकिरणांतले बरेचसे कण एक मीटर जाडीच्या शिशातूनही पार जातात.

रोस्सी यांची दुसरी कामगिरी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. इटलीतल्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना १९३८ मध्ये नोकरी आणि देश सोडावा लागला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात नॉरिस नेरेसन यांच्यासोबत त्यांनी म्यूऑनचं आयुष्य मोजायला घेतलं. म्यूऑन ठोकळ्यात थांबतो, थोड्या वेळाने विघटन पावतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर येतो. मधला वेळ काही मायक्रोसेकंदांचा. ‘जुळलं की नाही’ एवढं सांगणारं सर्किट इथे अपुरं होतं, ‘किती वेळाने’ हे कळायला हवं होतं. त्यांनी युक्ती केली: पहिला पल्स आला की कपॅसिटर ठरावीक गतीने भरायला लागतो, दुसरा आला की थांबतो. जेवढा वेळ जास्त तेवढा व्होल्टेज जास्त. वेळेचं रूपांतर उंचीत झालं आणि उंची मोजणं सोपं. १९४३ मध्ये त्यांचं उत्तर आलं २.१५ मायक्रोसेकंद. आजचं मान्य मूल्य २.१९७ आहे. व्हॉल्व्हच्या जमान्यातलं हे काम आहे.

युद्धाच्या काळात रडारसाठी वेगवान सर्किटं, समाक्ष केबल आणि चांगले ऑसिलोस्कोप घडले. युद्धानंतर ते भौतिकीच्या प्रयोगशाळांत आले. त्याच सुमाराला सिंटिलेटर आणि त्याच्या क्षीण प्रकाशाचा विजेचा पल्स करणारा फोटोमल्टिप्लायर यांची जोडी जमली. गायगर काउंटरचा पल्स सुस्त असतो, सिंटिलेटर मात्र काही नॅनोसेकंदांत चमकून विझतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढं अंतर जातो. आता कणाने प्रवासाला लावलेला वेळ खोलीच्या आत मोजता येणार होता.

त्याचं फळ १९५५ साली बर्कलेच्या बेव्हाट्रॉन या कणत्वरकावर मिळालं. चेंबरलेन, सेग्रे, विगंड आणि इप्सिलांटिस हे प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा विरुद्ध विद्युतभाराचा जोडीदार, शोधत होते. अडचण अशी की एका प्रतिप्रोटॉनमागे पायॉन नावाचे हजारो हलके कण येत. चुंबकांनी सारख्या संवेगाचे कण निवडले तर जड कण हळू जाणार, हलका पायॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ असणार. ४० फुटांवर ठेवलेल्या दोन सिंटिलेटरांमधलं अंतर कापायला पायॉनला ४० नॅनोसेकंद लागत, प्रतिप्रोटॉनला ५१. सगळा शोध या ११ नॅनोसेकंदांच्या फटीत उभा होता. दोन वेगळे पायॉन योगायोगाने ११ नॅनोसेकंदांच्या अंतराने आले तर फसगत होईल, म्हणून वेग ओळखणारे चेरेन्कोव्ह काउंटरही राखणीला बसवले. नोबेल सेग्रे आणि चेंबरलेन यांना मिळालं. इलेक्ट्रॉनिक्सची धुरा वाहणाऱ्या क्लाइड विगंड यांचं नाव त्या यादीत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा म्हणून मी ते नाव वर्गात मुद्दाम घेतो.

१९६० च्या दशकात या विद्येला शिस्त आली. १९६४ पासून ‘निम’ नावाचं मानक रूढ झालं: सारख्या मापाचे डबे, सारखी पेटी, ५० ओहमची केबल आणि उणे ०.८ व्होल्टचा तर्कसंकेत. ५० ओहमचा आग्रह का, हे मी मिरजेच्या उदाहरणाने सांगतो. सतारीची तार छेडली की लाट घोडीपर्यंत जाते, तिथून उलटी होऊन परत येते, आणि या येण्याजाण्यातच सूर असतो. केबलमधला पल्सही टोकाशी असाच परततो. टोक शॉर्ट केलेलं असेल तर तारेच्या बांधलेल्या टोकावरून यावा तसा उलटा होऊन येतो. तंतुवाद्य घडवणाऱ्याला ते हवं असतं, आम्हाला अजिबात नको असतं, कारण परतलेला पल्स दुसऱ्या कणाचा वाटतो. टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावला की लाट तिथेच विरते. आमच्या सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, हे एका मीटर केबलनेही दिसतं: पल्सला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणून टोकाहून परतलेला १० नॅनोसेकंद उशिरा.

आता या इतिहासातली सगळ्यात अवघड गाठ. पल्स ‘आला’ असं कधी म्हणायचं? तो काही एका क्षणात उभा राहत नाही, चढत जातो. सोपा मार्ग म्हणजे एक उंबरठा ठरवायचा आणि पल्सने तो ओलांडला की घड्याळ थांबवायचं. यात काय चुकतं हे सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. समजा दोन वेगळ्या वर्षी नदी अगदी त्याच दिवशी, त्याच तासाला चढायला लागली. एका वर्षीचा पूर ४२ फुटांवर थांबणारा, दुसऱ्या वर्षीचा २०१९ सारखा ५७ फुटांवर जाणारा. शिगेला पोचायला दोन्ही पुरांना सारखेच दिवस लागले, तर मोठा पूर ४० ची खूण कितीतरी आधी ओलांडणार. फक्त खूण ओलांडल्याची वेळ वहीत टिपणारा माणूस म्हणेल की मोठा पूर आधी सुरू झाला. डिटेक्टरमध्ये जास्त ऊर्जा सोडणारा कण असाच ‘लवकर आल्यासारखा’ दिसतो. याला टाइम वॉक म्हणतात आणि नॅनोसेकंदांच्या खाली उतरायचं तर ही पहिली भिंत.

आणि दुसरी भिंत पाण्यावरच्या लाटांची. नदी इंचाइंचाने चढत असली तर खुणेशी लाट कधी वर कधी खाली, आणि खूण नेमकी कधी बुडाली यावर पुलावरच्या दोघांचं एकमत होणार नाही. पाणी झपाट्याने चढत असेल तर त्याच लाटांनी फारसा फरक पडत नाही. वेळेतली ही थरथर म्हणजे जिटर: गोंगाटाची उंची भागिले चढाचा वेग. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये दर तासाला फुटांचे आकडे ऐकलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सूत्र पाठ करावं लागलं नाही.

पहिल्या भिंतीवरचा सुरेख उपाय १९६७-६८ च्या सुमारास गेडके आणि मॅकडोनाल्ड यांनी दिला. ठरावीक फुटांची खूण सोडून द्या आणि प्रत्येक पुराच्या स्वतःच्या शिखराचा ठरावीक हिस्सा, समजा एक पंचमांश, कधी गाठला ते बघा. ही वेळ लहान-मोठ्या सगळ्या पुरांना सारखीच येईल. पण शिखर किती उंच असणार हे चढत असताना कसं कळावं? त्यांनी पल्सच्या दोन प्रती केल्या. एक केबलमधून फिरवून उशिरा आणली, दुसरी लहान करून उलटी केली, आणि दोन्हींची बेरीज घेतली. ती बेरीज शून्याला छेदते तो क्षण पल्सच्या उंचीवर अवलंबून राहत नाही. एक केबलचं वेटोळं आणि काही रेझिस्टर, एवढ्यावर हे साधतं. पुढे चिपमध्ये दुसरा मार्ग जास्त चालला: पाणी खुणेच्या वर किती वेळ राहिलं तेही टिपायचं. जास्त वेळ म्हणजे मोठा पूर, आणि त्यावरून नंतर दुरुस्ती करायची.

भारतात ही विद्या विश्वकिरणांच्या वाटेने आली. होमी भाभांनी उभ्या केलेल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता जाणाऱ्या कणांच्या, खुणा टिपल्या. तिथेही सिंटिलेटर आणि एकाच वेळी येणाऱ्या पल्सची पारख होती. आज ऊटीला त्याच संस्थेचा ग्रेप्स-३ प्रयोग चालू आहे. आठ-आठ मीटरवर मांडलेले सुमारे ४०० सिंटिलेटर. वर कुठेतरी एक विश्वकिरण आदळतो आणि कणांची पातळ चकती खाली येते. ती तिरकी आली तर एका बाजूचे सिंटिलेटर आधी चमकतात. ३० अंश कललेली चकती आठ मीटरवरच्या शेजाऱ्याला सुमारे १३ नॅनोसेकंद उशिरा गाठते. या फरकांवरूनच किरण आकाशाच्या कुठल्या दिशेने आला ते काढतात. सर्नच्या एका वेळमापक चिपवर आधारलेलं ३२ वाहिन्यांचं मॉड्यूल या मंडळींनी स्वतः घडवलं.

ती चिप म्हणजे एचपीटीडीसी. तिची रचना व्हर्निअर कॅलिपरसारखी आहे आणि प्रॅक्टिकल केलेल्या कोणालाही कळेल. मुख्य पट्टी म्हणजे घड्याळाचे ठोके. सर्नच्या महाकाय कोलायडरमध्ये प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी भेटतात आणि त्याच तालावर सगळं चालतं. चिप तो ताल आठपट वेगवान करते, मग प्रत्येक ठोक्याचे ३२ विलंबघटकांनी तुकडे पाडते आणि त्या तुकड्यांचे आणखी चार. हाती येतो सुमारे २५ पिकोसेकंदांचा भाग. तिच्या वारस पिकोटीडीसीचा भाग ३ पिकोसेकंदांचा आहे.

अर्थात पट्टी बारीक असून भागत नाही, कणाने दिलेला पल्सही तितकाच उभा चढायला हवा. १९८१ मध्ये सँटोनिको आणि कार्डारेली यांनी आणलेला रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्हणजे दोन पाटांमधल्या वायूची पातळ फट, नॅनोसेकंदापर्यंत पोचला होता. १९९६ मध्ये क्रिस्पिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी त्या फटीत काचेच्या अनेक पाट्या घालून तिच्या बारीक फटी केल्या. फट जितकी अरुंद तितकी वेळेतली अनिश्चितता कमी. सर्नच्या ॲलिस प्रयोगात अशा चेंबरनी सुमारे १४० चौरस मीटर जागा व्यापली आहे, वाहिन्या दीड लाखांवर. त्यासाठी सर्नमध्ये निनो नावाची खास चिप बनली आणि प्रत्यक्ष अचूकता ६० पिकोसेकंदांच्या आत आली. आपल्याकडे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी काचेच्या दोन बाय दोन मीटर चेंबरवर बरंच काम झालं आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांच्यासाठी ‘अनुस्पर्श’ ही चिप घडली. वेधशाळा स्वतः रखडली याचं वाईट वाटतं, पण हे कौशल्य देशात राहिलं.

वेळमापनाची साखळी किती नाजूक असते, हे जगाने सप्टेंबर २०११ मध्ये पाहिलं. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात, असं ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं. आइनस्टाइन चुकले की काय, अशी चर्चा मराठी वर्तमानपत्रांतही झाली. पुढच्या वर्षी कारण सापडलं: घड्याळाला जीपीएसची वेळ पोचवणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा जोड नीट बसलेला नव्हता. प्रकाश कमी मिळत होता, म्हणून ग्राहक सर्किटमधला पल्स हळू चढत होता आणि उंबरठा सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा ओलांडत होता. आयर्विन पुलाचीच गोष्ट: लहान पूर, उशिरा बुडालेली खूण. वेळेचा इशारा उशिरा आल्याने घड्याळ मागे राहिलं आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसले. दुसऱ्या एका दोषाने थोडी चूक उलट्या दिशेने केली होती. त्या शास्त्रज्ञांची चेष्टा झाली ती मला आवडली नाही. त्यांनी आकडा लपवला नाही, जगापुढे ठेवला, आणि चूकही स्वतः शोधून सांगितली.

पुढचं पाऊल एका गर्दीमुळे पडतंय. कोलायडरची नवी, जास्त तीव्रतेची आवृत्ती २०३० च्या सुमारास सुरू व्हायची आहे. तिच्यात पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीत १४० ते २०० टकरी होतील, त्याही काही सेंटिमीटरच्या पट्ट्यात. कुठला कण कुठल्या टकरीतून आला हे नुसत्या जागेवरून ओळखणं कठीण होईल. पण त्या सगळ्या टकरी अगदी एका क्षणी होत नाहीत, त्या दोनेकशे पिकोसेकंदांवर पसरलेल्या असतात. प्रत्येक कणाची वेळ ३० पिकोसेकंदांपर्यंत कळली, तर गर्दीचे काप करता येतील आणि एका कापात टकरी आजच्याएवढ्याच उरतील. त्यासाठी कोलायडरवरचा सीएमएस प्रयोग मधल्या भागात एलवायएसओ स्फटिकांच्या दीड लाखांहून जास्त कांड्या बसवतोय, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सिलिकॉनचे प्रकाशग्राहक. टोकांकडच्या भागात, आणि ॲटलास प्रयोगातही, एलगॅड नावाचे सिलिकॉनचे तुकडे येताहेत. त्यांची सक्रिय जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, आणि आतच संकेत दहा-वीस पटीने वाढवायची सोय. पातळ थरात पल्स झटकन उभा राहतो आणि वाढवल्यामुळे गोंगाटात बुडत नाही. पाणी झपाट्याने चढवायचं आणि लाटा लहान ठेवायच्या, हाच विचार सिलिकॉनमध्ये उतरवलेला.

हीच कला रुग्णालयांतल्या पेट-स्कॅन यंत्रांत पोचली आहे. शरीरातून विरुद्ध दिशांना निघालेले दोन गॅमा किरण किती फरकाने पोचले यावरून त्यांचा उगम कुठे ते ठरतं. २०० पिकोसेकंदांची अचूकता म्हणजे तीन सेंटिमीटरची जागा.

आमच्या प्रयोगशाळेत एलगॅड नाही, पण एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येणारी चिप, असलेला बोर्ड आहे. बेरजेतला ‘हातचा’ पुढे सरकवण्यासाठी या चिपमध्ये अत्यंत वेगवान साखळ्या असतात. पल्स त्या साखळीत सोडायचा आणि घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला तो किती कड्या पुढे गेला ते बघायचं. एका कडीला दहा-वीस पिकोसेकंद लागतात. या शतकाच्या पहिल्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी ही युक्ती वापरली आहे, आणि ती करायला कोणाची परवानगी लागत नाही. अडचण एकच: सगळ्या कड्या सारख्या लांबीच्या नसतात आणि तापमानानुसार बदलतात. त्या मोजायला अगदी स्वैर वेळी येणारे पल्स लागतात, म्हणजे लांब कडीत जास्त पडतील आणि आखूड कडीत कमी. स्वैर पल्स आमच्याकडे आकाशातून फुकट येतात, आणि भर घालायला सिंटिलेटरचा गोंगाट आहेच. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने एप्रिलमध्ये एकाच दिवशी दोनदा ही मोजणी घेतली, सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला पंखा बंद ठेवून. तिच्या वहीत आता कड्यांच्या लांबीचे दोन वेगळे तक्ते आहेत, आणि पुढचं मोजमाप घेताना त्यांतला कुठला वापरायचा हे ठरवण्यासाठी तिने बोर्डाला तापमान मोजणारा एक थर्मिस्टर चिकटवला आहे.